त्रान्सितोची हाक

आमच्या सान पास्कुआलमध्ये माणूस दचकला की त्याची सावली तिथेच राहते आणि माणूस तेवढा घरी येतो. गाढवावरून पडलेलं पोर असो, ओढ्यात पाय घसरलेली नवी सून असो, नाहीतर कुत्रा अंगावर आलेला पोस्टमन असो, सगळ्यांचं एकच. जेवण जात नाही, झोप लागत नाही, डोळे उघडे असतात पण आत कोणी नसतं. सावली म्हणजे उन्हात पडते ती नव्हे. ती काय, सगळ्यांनाच असते, सरकारी कारकुनांनासुद्धा. ही आतली. तिला परत आणायचं तर माणूस जिथे दचकला तिथेच जाऊन तिला नावाने हाक मारावी लागते.

मेक्सिकोत अशा हाक मारणाऱ्या बायका गावोगाव असतील, पण त्रान्सितो ओल्वेरासारखा आवाज कुठल्या गावाला मिळाला असेल असं मला वाटत नाही. एकदा ती परसात उभी राहून शेजारणीच्या शेळीवर ओरडली तेव्हा चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रार्थना विसरले आणि शेळी जन्मभर तिच्या अंगणात पुन्हा शिरली नाही. बाई ठेंगणी आणि रुंद. दोन पांढऱ्या वेण्या आणि कमरेला खिशांचा एप्रन. त्या खिशांत सुतळीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळं असे, आणि मागितलं की आधी दोन शब्द ऐकवून मग ती ते काढून देई. सकाळी ती रस्त्याच्या कडेला मक्याच्या जाड भरल्या भाकऱ्या विकायची आणि दुपारनंतर सावल्या आणायची. गाव तिला तीया म्हणायचं, म्हणजे मावशी, आत्या, काकू, जे काय असेल ते सगळं.

काम दिसायला सोपं. मातीच्या रिकाम्या सुरईच्या तोंडाशी ओठ लावून फुंकायचं, की आतून घूं असा आवाज येतो. पिरूलच्या झाडाच्या फांदीने जमिनीवर फटके मारायचे. मग पूर्ण नाव घेऊन हाक द्यायची, "चल घरी, इथे राहू नकोस!" आणि आजाऱ्याचा सदरा मातीतून फरफटत घरापर्यंत आणायचा. सावली सदऱ्याचं टोक धरून मागे मागे येते. घरी आल्यावर सदरा तसाच आजाऱ्याच्या अंगात घालायचा. धुवायचा नाही. आमच्याकडच्या नव्या सुनांना ही शेवटची अट फार जड जाते.

त्या काळी सान पास्कुआल हे लसणाचं गाव होतं. शहरातल्या लोकांना आमचं गाव नाकाने सापडायचं. पाट होते, ओढा होता, आणि शहर दूर कुठेतरी रात्रीच्या उजेडापुरतं होतं. मग ते निघालं. कोणी बोलावलं नव्हतं, पण रोज थोडं थोडं जवळ येऊन बसू लागलं, जसा एखादा पाहुणा बाकावर सरकत सरकत तुमच्या ताटापर्यंत येतो. आधी हमरस्ता आला, मग विहिरींचं पाणी खाली गेलं, मग कोट घातलेली माणसं आली आणि शेतं विकली जाऊ लागली. आमच्या लोकांनी आलेला पैसा पाहुण्यासारखाच वागवला. खाऊपिऊ घातलं, बँड लावला आणि निरोप दिला. सगळ्यांच्या घरांपुढे खांब उभे राहिले. घरं तीच होती, मातीच्या विटांची, पण पुढे रोमन खांब. एकाने आंघोळीचा भलामोठा टब आणला. नळाला पाणी नसल्यामुळे त्यात आजही डुकराची पिल्लं झोपतात. दोन-चार वर्षं जत्रेत असं काही दारूकाम झालं की खुद्द संत पास्कुआलच्या मूर्तीची एक भुवई जळाली. ती कोळशाने काढलेली आहे.

मग पैसा गेला आणि भिंती आल्या. भिंतीपलीकडे एकसारख्या घरांच्या वसाहती. एकीचं नाव 'झरा' आणि दुसरीचं 'लसणाचा मळा'. ज्याचा जीव घेतला त्याचंच नाव देऊन मोकळे. आमची पोरं बापाच्याच शेतावर पहारेकरी म्हणून रुजू झाली. फरक एवढाच की आता आत जायला त्यांना गळ्यात चिठ्ठी घालावी लागे.

या सगळ्यात त्रान्सितोचा धंदा मात्र कधी नव्हे इतका चालला. यंत्रं आल्यापासून जो तो दचकतच होता. पूर्वी तिला हाकेबद्दल कोंबडी मिळायची, मग सोड्याच्या बाटल्यांचं खोकं मिळू लागलं, आणि पुढे पुढे लोक तिच्या मोबाईलमध्ये पैसे भरून देऊ लागले. अडचण जागेची होती. माणूस विहिरीपाशी दचकलेला असायचा आणि विहिरीवर आता दातांचा दवाखाना. त्रान्सितो सरळ आत गेली. खुर्चीत एक गृहस्थ तोंड वासून पडलेले, आणि ही कोपऱ्यात सुरई फुंकतेय, घूं, घूं. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुमचा नंबर आहे का?" ती म्हणाली, "माझा नाही, फेलीसितासच्या सुनेचा आहे. ती तुमच्या बेसिनखाली बसलीय." गृहस्थ दात न काढताच घरी गेले. सून मात्र त्या संध्याकाळी पोटभर जेवली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. संध्याकाळी गाव निराळंच वाटू लागलं होतं. जुन्या पायवाटेने घरी निघालेली म्हातारी माणसं सवयीने भिंतीवर जाऊन थडकत आणि तिथेच उभी राहत, जणू कोणी फाटक उघडेल. गाड्या लावायच्या सपाट पटांगणात आमचे तीओ, म्हणजे काका, इनोसेन्सिओ रोज एका ठिकाणी लांब ढांग टाकून पुढे जात. तिथे पूर्वी पाट होता. आणि एकदा त्यांनी ढांग टाकली नाही, तर चप्पल ओली घेऊन घरी आले. वसाहतीतली कुत्री दिवे लागायच्या वेळेला भिंतीच्या एकाच जागेकडे तोंड करून भुंकत. आम्ही एकमेकांशी याबद्दल बोलत नसू. बोललो की त्याला जागा द्यावी लागते.

सगळ्यांत शेवटी शेत राहिलं ते त्रान्सितोच्या धाकट्या भावाचं, एपिफानिओचं. बापाचं शेत, लसणाचं. कागदावर मुलींचं नाव घालायची पद्धत नव्हती, पण त्या जमिनीतलं तण त्रान्सितोनेच उपटलं होतं. एपिफानिओ तिच्या उलट. बारीक, अबोल, लसणाशीच काय ते बोलायचा. रोपांना पाणी देताना हळू आवाजात गायचा आणि कोणी दिसलं की खोकून थांबायचा. चहूबाजूंनी भिंती उठल्या तरी त्याने दोन वर्षं दम धरला. मग पाटाचं तोंड हमरस्त्याखाली गेलं. बिनपाण्याच्या लसणाला गाऊन काय होणार? त्याने सही केली. आणि त्या दिवसापासून भाऊबहीण बोलेनासे झाले. त्रान्सितोने त्याला काय म्हटलं ते कोणालाच ऐकू आलं नव्हतं, आणि हे तिच्याबाबतीत इतकं अघटित होतं की गाव त्याच्यावरच महिनाभर बोलत होतं.

त्याच सुमारास तिच्या दारात कोणीतरी उभं राहू लागलं.

दिसत काहीच नसे. पण दिवस मावळला की तिचा कुत्रा उंबरठ्याशी येऊन बसे, शेपूट हलवी आणि बाहेर पाऊल टाकत नसे. कोणी घसा साफ करावा तसा आवाज येई. त्रान्सितोने धंदेवाईक निदान केलं: हे घर नसलेलं काहीतरी आहे, शेतांतून उठलेलं, आसरा शोधत हिंडणारं. असल्यांना एकदा पाणी विचारलं की ते जात नाहीत. मग ती रोज संध्याकाळी उंबरठ्यावर मिठाची ओळ घाली, उग्र वासाच्या पाल्याचा झाडू आपटी आणि तिच्या त्या आवाजात सुनावी, "इथे तुझं कोणी नाही! चालता हो! लाज नाही वाटत, रोज रोज तोंड घेऊन येतोस!" गल्लीतल्या बायका तेवढ्या ओरडण्यावर वेळ ओळखून चुलीवर शेंगा चढवत.

पावसाळा संपता संपता एपिफानिओची बायको एर्मिनिया तिच्याकडे आली. एर्मिनियाच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्रान्सितोनेच हातांवर धरलं होतं, म्हणून दोघी नणंदभावजया एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"कोमाद्रे, तुझा भाऊ चालला," एर्मिनिया दारातूनच म्हणाली.

"कुठे?"

"कुठे काय! वर. भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसतो. पँट कमरेला राहत नाही. डॉक्टर म्हणाला साखर आहे. मी म्हटलं, डॉक्टर, साखर असती तर गोड तरी बोलला असता. तो बोलतच नाही हो."

त्रान्सितोने मक्याच्या पिठाचा गोळा परातीत आपटला. "जमीन विकताना बोलत होता ना?"

"तू त्याच्यावर रागाव. जन्मभर रागाव. पण तो जिवंत असला तर रागावशील ना?"

त्रान्सितोने परात बाजूला सारली. मग हात पुसले आणि म्हणाली, "त्याचा सदरा आण. बिनधुतलेला. यंत्र शेतात शिरलं तेव्हा तो बांधावर उभा होता. तिथेच राहिला असणार, दुसरं कुठे?"

बांधावर आता शहरातलं सगळ्यांत मोठं किराणा दुकान होतं. दारात गणवेश घालून निकानोर उभा. गावचाच, लसूणवाल्यांचाच मुलगा.

"तीया, बाहेरचं पेय आत न्यायला बंदी आहे," तो सुरईकडे बघून म्हणाला.

"रिकामी आहे, गाढवा. येताना भरून आणणार आहे."

"मग तर पावती विचारतील."

"तुला पाळण्यात कोणी शुद्धीवर आणलं होतं रे, टर्की अंगावर आला तेव्हा?"

निकानोरने इकडेतिकडे पाहिलं आणि दरवाजा धरला. त्रान्सितो डोळे मिटून चालू लागली. बापाच्या शेतात तिला डोळे लागत नव्हते. साबणांवरून वळली, डायपरच्या ढिगाला खेटून गेली आणि गोठवलेल्या मासळीच्या पेट्यांपुढे उभी राहिली. लाद्या रोज फिनेलने पुसत, तरी तिथे लसणाचा वास येई. दुकानातल्या लोकांनी त्यासाठी दोनदा नळ उकरले होते. तिने सुरई फुंकली, फांदी आपटली आणि हाक मारली, "एपिफानिओ ओल्वेरा! चल घरी!"

सांगणारे सांगतात की दुकानातली गाणी बंद पडली. एका बाईच्या हातून अंडी सुटली. टाय लावलेला व्यवस्थापक धावत आला, "मॅडम, काय हवंय? मॅडम, काही हरवलंय का?" पण त्रान्सितो सदरा फरफटवत निघाली होती, आणि त्या वेळी मागे बघायचं नसतं की बोलायचं नसतं. सावली वाटेत बोलते. तिला उत्तर दिलं तर ती उत्तर देणाऱ्याचीच होऊन बसते, आजाऱ्याकडे गेली तरी टिकत नाही. म्हणून व्यवस्थापक पार पादचारी पुलापर्यंत "मॅडम, मॅडम" करत मागे आला आणि बाईने मान वळवली नाही. आठ पदरी रस्त्यावरच्या पुलाची धूळ, थुंकी आणि च्युइंगम, सगळं सदऱ्याला चिकटून घरी आलं.

एर्मिनियाने डोळे मिटून तो नवऱ्याच्या अंगात घातला. एपिफानिओ कुडकुडला. महिन्यांनंतर पहिला शब्द त्याच्या तोंडातून आला, "थंड आहे."

"फ्रीजमधला आणलास की काय, कोमाद्रे?" एर्मिनिया रडत म्हणाली.

त्रान्सितो हसली नाही. ती स्टूल ओढून भावाच्या आणि भिंतीच्या मधे बसली. सही झाल्यापासून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, आणि पापण्यांना पांढरं काहीतरी सुकलेलं होतं.

"एपिफानिओ, तिथे नव्हतास का रे तू?"

"नव्हतो."

"मग कुठे आहेस?"

तो खोकला. हळू, घसा साफ केल्यासारखा. त्रान्सितोने तो आवाज ओळखला आणि स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"तुझ्या दारात," तो म्हणाला. "रोज मीठ टाकतेस. डोळ्यांत जातं."

तेव्हा एर्मिनियाला कळलं की सहीच्या दिवशी काय झालं होतं, आणि तिच्याकडून आम्हाला. एपिफानिओ हॅट हातात धरून आधी बहिणीच्या दारी गेला होता, तिला स्वतः सांगायला. त्रान्सितो कणसं सोलत होती. ती ओरडली असती तर तो ऐकून घेणार होता, त्याने तेवढी तयारी केली होती. पण तिने दारावर आलेल्या झाडूविक्याकडे बघावं तसं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "कोण हवंय आपल्याला? मला एक भाऊ होता. तो वारला." आणि दार लावून घेतलं. यंत्राला तो घाबरला नव्हता. यंत्र यायच्या आधीच त्याच्यात घाबरायला कोणी उरलं नव्हतं.

त्रान्सितो उठली. तिने भावाच्या अंगातून तो सदरा काढून घेतला आणि घरी गेली. दिवे लागत होते. कुत्रा उंबरठ्याशी शेपूट हलवत बसला होता. तिने आधी मीठ पुसलं. झाडूने नाही, ओल्या फडक्याने, गुडघे टेकून, फटीफटीतून. सुरई फुंकली नाही. फांदी आणली होती ती बाजूला ठेवली. आम्ही सगळे आपापल्या कुंपणांना कान लावून होतो, पण तिने मारलेली हाक आमच्यापैकी एकालाही ऐकू आली नाही, फक्त तिचे ओठ हलताना दिसले. मग तिने सदरा मातीत टाकला आणि बाही धरून निघाली.

तिच्या घरापासून भावाचं घर दोन वळणांवर. पहिल्या वळणावर वसाहतीची भिंत आहे, त्या भिंतीशी ती थांबली. हाक मारून निघालेली त्रान्सितो कधी थांबत नसे. मागून काय ऐकू आलं ते तिने नंतर सांगितलं. तो विचारत होता, "अजून रागावली आहेस का?"

उत्तर द्यायचं नसतं हे तिला कोण सांगणार? तिनेच आम्हाला शिकवलेलं. ती पाठमोरी उभी होती आणि सदऱ्याची बाही मुठीत आवळली होती. गल्लीतल्या बायका मनात म्हणत होत्या, चल तीया, चालत राहा, दोनच पावलांचं काम आहे. भिंतीपलीकडची कुत्री एकदम गप्प झाली.

"नाही रे," त्रान्सितो म्हणाली. हे मात्र सगळ्या गावाने ऐकलं. "नाही रागावले. चल."

आम्ही क्रूसाची खूण केली. ती पुढे गेली, सदरा भावाच्या अंगात घातला, आणि त्याच संध्याकाळी एपिफानिओने शेंगा मागून घेतल्या, मिरची कमी आहे म्हणून बायकोला बोल लावला आणि बहिणीकडे बघून थोडासा हसला. तो आठवडाभर असा छान होता. मग एका सकाळी तो उठला नाही. खुर्चीत नव्हे, पलंगावर, भिंतीकडे पाठ करून झोपलेला होता.

पुरून परत येताना एर्मिनियाने नणंदेला गाठलं. "कोमाद्रे, तो तू मला आणून द्यायचा होतास."

"माहीत आहे."

"मग बोललीस कशाला? गप्प राहता येत नव्हतं?"

"येत होतं," त्रान्सितो म्हणाली. "एकदा राहिले होते ना, त्याच्याशी. काय झालं ते पाहिलंस."

एर्मिनियाने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग तिच्या एप्रनच्या खिशातून स्वतःच रुमाल काढून नाक पुसलं. दोघी वर्षभर भांडतील असं आम्हाला वाटलं होतं. पण पुढच्याच रविवारी एर्मिनिया त्रान्सितोच्या घरी जाऊन एका रिकाम्या स्टुलासमोर बसली आणि छप्पर गळतं, जावई कसा निघाला, सगळं तपशीलवार सांगून आली. आता दर रविवारी जाते.

त्रान्सितोने हाका मारणं सोडलं. लोक सोड्याची खोकी घेऊन येतात, विनवण्या करतात. ती म्हणते, घरात एक आहे त्याचंच करता करता दिवस जातो, दुसऱ्यांच्या कुठे आणू? आमच्यात आता हाक मारणारं कोणी नाही. दचकलेले तसेच हिंडतात, कामालाही जातात. वसाहतीतल्यांना फरक कळत नाही. तिच्या दारावरून जाताना ती बोलताना ऐकू येते: अरे मीठ बरोबर आहे, तुझीच जीभ गेलीय; अरे नाही, तो पाट त्या बाजूला होता. मग थांबते, समोरच्याचं बोलणं होईपर्यंत थांबावं तितकी, आणि हसते. आम्हाला मधलं काही ऐकू आलेलं नाही. आम्ही कान कमी देत नाही, पण नाही.

मागच्या महिन्यात भिंतीपलीकडच्या 'लसणाचा मळा' वसाहतीच्या समितीने तक्रार केली. निकानोर आता त्यांच्या फाटकावर असतो, त्याच्याच हाती निरोप आला. गावातले एक वृद्ध गृहस्थ रोज पहाटे भिंतीशी गात असतात, रहिवाशांची झोपमोड होते, तरी त्यांना समज द्यावी. निकानोरने दहा जणांना विचारून खात्री केली होती. गाणारा पुरुष, म्हातारा, आवाज बारीक, आणि कोणी खिडकी उघडली की खोकून थांबतो.

निकानोर तसाच गणवेशात त्रान्सितोच्या दारी गेला. टोपी काढली. ती भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तीया," तो स्टुलाकडे न बघायचा प्रयत्न करत म्हणाला, "पलीकडची माणसं म्हणतात, जरा हळू."

"मला काय सांगतोस?" त्रान्सितो म्हणाली. "त्याला सांग."

निकानोरने टोपी काखेत मारली. मग वळला आणि स्टुलाला म्हणाला, "तीओ, मी त्यांना सांगतो, तुम्ही सकाळी शेतावर असता."